घंगाळातलं शेवाळ

"अप्पांचा मासा वर्षश्राद्धापर्यंत काय, पाच वर्षं जगवून दाखवीन!" राजलक्ष्मी सगळ्यांसमोर बोलून बसली आणि तिची झोप उडाली.

तिचे वडील अप्पा जाऊन दोन महिने झाले होते. एकोणीसशे बासष्टच्या बेंगळुरात खाऱ्या पाण्यातला मासा पाळणारे ते बहुधा एकटेच. मद्रासहून डबे भरून समुद्र मागवायचे. आता टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं. उपाय अप्पांच्या वहीत होता: माशाचं तोंड पोचणार नाही अशा वेगळ्या भांड्यात समुद्री शेवाळ वाढवावं, टाकीतलं पाणी त्यात ओतावं, शेवाळाने घाण शोषली की नळीने परत टाकीत सोडावं.

मद्रासहून तीन प्रकारचं शेवाळ आलं. आनेकलहून राहायला आलेल्या गोजराआत्याने बरणीत डोकावून पाहिलं. "ही कोथिंबीर, हा पालक, ही द्राक्षं. घे की कुठलंही! तासभर बघत्येस, नवरामुलगा आहे का?"

राजलक्ष्मीने द्राक्षं निवडली. उंच स्टुलावर एनॅमलचा टब, त्यातून टाकीत उतरणारी रबरी नळी. रोज सकाळी टाकीतलं दोन मग पाणी टबात.

चौथ्या संध्याकाळी ती कॉलेजच्या लायब्ररीतून परतली, तर टब गायब! जागेवर चिंचेने घासलेलं तांब्याचं घंगाळ, नव्या नवरीसारखं झळकत.

"आत्या! हे काय?"

"तुझा टब भरून वाहत होता. म्हणून सकाळी तू गेल्यावर पाणी, शेवाळ, नळी सगळं या मोठ्या भांड्यात हलवलं. तांब्यातलं पाणी किती चांगलं! अप्पा रोज तेच प्यायचे ना?"

"अप्पा प्यायचे! खाऱ्या पाण्यात तांबं उतरलं की मासा मरतो!"

आत्या मटकन खाली बसली. "अगं बाई! माझ्या भावाचा मासा..."

आरडाओरडा ऐकून शेजारचे नागोजीअण्णा चहाची गाळणी घेऊन धावत आले. मासा दगडामागे दडलेला. राजलक्ष्मीने कोपरापर्यंत हात घातला. मासा हलेना! एवढी एकच जिवंत वस्तू अप्पा तिच्यावर सोपवून गेले होते.

"स्वल्प थांब, अक्का," नळी चाचपत अण्णा म्हणाले. "हिला कपड्यांचा चिमटा कशाला लावलाय?"

नळी जोडताना जमीन ओली होऊ नये म्हणून पहिल्या दिवशी राजलक्ष्मीनेच लावला होता. काढायचा राहिला. चार दिवसांत वरचं थेंबभरही पाणी खाली उतरलं नव्हतं!

मासा दगडामागून बाहेर आला आणि तोंड उघडून खाणं मागू लागला.

"सरी, बरं झालं!" आत्याने डोळे पुसले. "मी विष कालवलं, तू ते पोचू दिलं नाहीस. दोघींनी मिळून वाचवला."

"चुकलंच माझं," राजलक्ष्मी ओशाळून म्हणाली आणि घाईघाईने चिमटा काढायला गेली.

"अगं, नको!" दोघंही एकदम किंचाळली.