शेषरावभाऊंचा मुका कॉम्प्युटर

बडनेरा, अमरावती, अकोला आणि मधल्या सर्व लहानमोठ्या थांब्यांवरील सुज्ञ नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की आमचे शेजारी श्री. शेषराव ठोंबरे यांनी नवा कॉम्प्युटर घेण्याचे ठरविले असून तो मुका असावा, अशी त्यांची अट आहे. दुकानदारांनी त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर आत घ्यावे.

ही सूचना वेळेवर चौकात लावायला हवी होती. ती न लावल्यामुळे अमरावतीतल्या चार दुकानांनी काय सोसलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. दर वेळी स्कूटर माझीच होती.

शेषरावभाऊ रेल्वेतून निवृत्त झाले. गाडी फलाटाला लागली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. ठण्ण वाजलं तर चाक सलामत, ठप्प वाजलं तर खोट. बडनेऱ्याला ते काम भाऊंनी जन्मभर केलं. निवृत्तीच्या दिवशी हातोडी रेल्वेला परत केली, पण सवय घरी घेऊन आले. भाऊ टरबूज ठोकतात, माठ ठोकतात, लोकांच्या घरची नवी दारं ठोकतात. माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवर त्यांनी कौतुकानं थाप मारली, क्षणभर डोळे मिटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा भरीव हाये, सर. उरकून टाका." (मी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो, म्हणून कॉलनीत माझं नाव सर.) पोरगा खरोखर भरीव निघाला, हे सांगितलं पाहिजे.

कोणी विचारलं, "भाऊ, हे काय करून राहिले?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"काई नाई. ठोकून पाह्यलं."

दोन वर्षांपूर्वी कमलवहिनींना लकवा झाला. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत पलंगावर असतात आणि भाऊंचं बाहेर पडणं जवळजवळ बंद झालं. वहिनींचं सकाळचं सगळं स्वतःच्या हातानं आटोपायचं, मग नऊ वाजता कपाळाला अष्टगंध लावून बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे बसायचं. सव्वानऊला शेअर बाजार उघडतो. साडेतीनला बंद होतो. ही भाऊंची नवी ड्यूटी. त्यांचा नियमही रेल्वेतलाच. "ज्या कंपनीचा माल आपल्या चाकावरून गेला, तिचाच शेअर घ्याचा. शिमेट, कोळसा, खत. जे डब्यात दिसलं नाई, त्याचा भरोसा नाई."

कॉम्प्युटर मात्र भाच्यानं वापरून दिलेला होता. तो चालू झाला, की घरात मळणी यंत्र सुरू झाल्यासारखं वाटायचं. आणि एवढा आरडाओरडा करून वेग बैलबंडीचा. "मुंबईतला भाव इथं येईपर्यंत शिळा होते," असं भाऊ म्हणायचे. पण शिळा भाव त्यांनी वर्षभर हसत चालवून घेतला होता.

मग दिवाळीनंतर एक दिवस ते माझ्या अंगणात येऊन उभे राहिले.

"सर, मुकं मशीन पाहिजे. दमदारही पाहिजे, पण आधी मुकं. नाई भेटलं तर आपला बाजार बंद."

"अहो, आवाजापायी बाजार सोडता?"

"सोडतो."

बोलताना त्यांनी माझ्या फाटकाचा खांब ठोकला नाही. तेव्हा मी घाबरलो. बाजार गेला तर हा माणूस त्या घरात दिवसभर कशाशी बोलणार? संध्याकाळी माझी बायको वहिनींजवळ जाऊन बसू लागली, आणि आम्ही दोघे दुकानं पालथी घालू लागलो.

पहिल्या दुकानात काचेच्या पेटीत निळे-जांभळे दिवे फिरत होते. विक्रेता उत्साहानं म्हणाला, "काका, यात रंग बदलतात!"

"बाबू, मले वरात नाई काढाची," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दुकानात त्यांनी आधी एसी बंद करायला लावला, मग पंखा, मग एका शिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला बाहेर उभं केलं. तिसऱ्या दुकानात त्यांनी एका काळ्या पेटीला बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला आणि डोळे मिटले. दोन मिनिटं गेली. चार गेली. भाऊंच्या चेहऱ्यावर समाधी उतरली.

"हे! याले म्हणतात मशीन! मुंगी चालली तरी ऐकू येईन!"

काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "काका, त्याची वायर अजून लावायची आहे."

भाऊंनी कान काढला नाही. "मंग लावूच नको, बेटा."

चौथ्या दुकानानं आम्हाला येताना पाहूनच शटर अर्ध्यावर आणलं. आमची कीर्ती स्कूटरच्या पुढे धावत होती.

शेवटी कोणीतरी अकोल्याच्या इक्बालभाईंचं नाव सांगितलं. सुटे भाग निवडून, गरज विचारून मशीन बांधून देणारा माणूस. शनिवारी बाजार बंद. माझ्या बायकोला दिवसभरासाठी वहिनींजवळ बसवून आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर यायच्या आत भाऊ म्हणाले, "आपल्या डब्याचं एक चाक चपटं झालं हाये. ऐका." पन्नास वर्षांत मला आगगाडीच्या चाकाचं कधी काही ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर अकोल्यापर्यंत दुसरं काही ऐकूच आलं नाही.

इक्बालभाई पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी मशीन दाखवलंच नाही, आधी प्रश्न विचारले.

"चाचा, गेम खेलोगे?"

"या वयात?"

"पिक्चर जोडणार? व्हिडिओ बनवणार?"

"नाई जी. दोन पडद्यांवर भाव पाहाचे, तक्ते पाहाचे, बटन दाबलं का सौदा झाला पाह्यजे."

"मग महागाचं ग्राफिक कार्ड घालून भट्टी काहून पेटवायची? प्रोसेसर तेज, पण जास्त न तापणारा. मेमरी भरपूर, का दहा तक्ते उघडले तरी मशीन अडकणार नाई. डिस्क अशी, का जिच्यात फिरणारं काहीच नाई. आणि पंखे मोठे."

"मोठे?" भाऊ दचकले. "मले आवाज नको हाये!"

"म्हणूनच तं मोठे. छोटा पंखा जोरात फिरते अन् ओरडते. मोठा हळू फिरते, हवा तेवढीच देते."

भाऊंचे डोळे चमकले. "म्हणजे मोठं चाक, धीमी चाल!"

"बराबर, चाचा!"

त्यानंतर मी त्या दुकानात होतो की नाही, याची दोघांनाही आठवण राहिली नाही. तीन चहा झाले. एकानं पंखे बोटावर फिरवून दाखवले, दुसऱ्यानं ते कानाशी नेऊन पास-नापास केले. नापास झालेला पंखा इक्बालभाईंनी स्वतः कानाशी धरला आणि मान डोलावली. दुपारी मशीन उभं राहिलं. वायर लावलेली आहे, याची मी जातीनं खात्री केली.

तेव्हा भाऊंनी खिशातून रुमाल काढला. त्यात एक हिरवी काचेची बांगडी होती.

"सर, तुमी मागच्या खोलीत जा. लोखंडी मांडणी दिसून राहिली ना? तिच्यावर हे वाजवा. हळूच."

गणिताच्या शिक्षकानं अकोल्याच्या भर बाजारात, गोदामात उभं राहून बांगडी वाजवली.

"अजून हळू!"

वाजवली.

"त्याहून हळू! तिच्या हातात एवढा जोर नाई!"

मी थांबलो. पुढच्या खोलीत इक्बालभाईंनी काही न विचारता दुकानातला छताचा पंखा बंद केला. मी बांगडी मांडणीला नुसती टेकवली.

"आलं ऐकू," भाऊ म्हणाले. "बांधून द्या."

परतीच्या गाडीत भाऊंनी बांगडी पुन्हा रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग स्वतःच बोलले.

"तिचा आवाज भिंतीच्या अलीकडं येत नाई, सर. घंटी आणून देल्ली, तं म्हणते, मी काय देऊळ हाये? मंग आमचं ठरलं. काई लागलं का तिनं बांगडी पलंगाच्या दांड्यावर वाजवाची. दिवाळीच्या आधी एक दिवस मशीन बोंबलून राहिलं होतं. मी आपला शिमेटच्या भावात. तासाभरानं आत गेलो, तं बांगडी फुटली होती. पाणी पाह्यजे होतं फक्त." त्यांनी खिडकीची चौकट ठोकली. "जिंदगीभर लोकायची चाकं ऐकली मी."

मी या गाडीतही चपटं चाक आहे का, ते ऐकू लागलो.

सोमवारी सकाळी मीच मशीन जोडून दिलं. सव्वानऊ झाले. दोन पडद्यांवर लाल-हिरवे आकडे पळू लागले, आणि घरात इतकी शांतता, की मी दोनदा वाकून दिवा लागलाय का ते पाहिलं. भाऊ नव्या खुर्चीवर बसले होते, ताठ, गाडी सोडायला निघाल्यासारखे. सिमेंटचा भाव त्यांना पाहिजे तिथं येत होता. येत होता. आला. बोट बटणावर गेलं.

मला काही ऐकू आलं नाही. खरंच नाही. पण भाऊंनी बोट उचललं, खुर्ची मागे सरकवली आणि सौदा तसाच पडद्यावर टाकून ते आत धावले.

"काय झालं, कमल? पाणी देऊ? कूस बदलू? दुखून राहिलं का?"

मीही दाराशी जाऊन उभा राहिलो. उशीला टेकून वहिनी पडल्या होत्या, हातात नव्या हिरव्या बांगड्या. जड जिभेनं शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. इकडे सिमेंट हातचं निघून गेलं, आणि भाऊ पलंगाचा दांडा धरून वाट पाहत राहिले. शेवटी वहिनींच्या तोंडाचा एक कोपरा हसला आणि त्या म्हणाल्या,

"काई नाई जी... ठोकून पाह्यलं!"