कासवाच्या आहारातील एक वाक्य

ज्ञान सर्वांचे असते, आणि म्हणूनच सर्वांना त्यापासून थोडे लांब ठेवावे लागते. आमचा मुक्त ज्ञानकोश या तत्त्वावर उभा आहे. तो इंटरनेटवर आहे, फुकट आहे, आणि त्यात कोणीही, कधीही, काहीही लिहू शकते. 'कोणीही' म्हणजे कोण, 'कधीही' म्हणजे केव्हा आणि 'काहीही' म्हणजे नेमके काय, याचा खुलासा करणारी पाने कोशातल्या लेखांपेक्षा जास्त आहेत. कामाची खोली त्यावरून लक्षात यावी.

मी या कोशाच्या नवागत साहाय्य समितीचा समन्वयक आहे. (मानधन नाही. बिल्ला आहे, तो आपल्या पानावर आपणच लावायचा असतो.) समितीत अकरा मार्गदर्शक आहेत. गेल्या वर्षी आमच्याकडे चाळीस नवागत आले. प्रत्येकाला सरासरी नऊ सूचना, चार इशारे आणि स्वागताचे एक फूल मिळाले. फूल चित्रातले असते, त्यामुळे सुकत नाही. वर्षाअखेरीस चाळिसांपैकी एकही टिकला नव्हता. 'सर्व नवागतांचे मार्गदर्शन पूर्ण झाले', अशी नोंद आम्ही अहवालात केली.

पुढची नवागत माझ्या घरातलीच निघाली.

माझी मोठी वहिनी पशुवैद्य आहे. माझ्या मुलीने पाळलेले कासव आम्ही एका सकाळी टबात घालून तिच्या दवाखान्यात नेले. कासवाचे नाव साहेब. काहीही विचारले की मान आत घेतो म्हणून. साहेबांनी काही दिवसांपासून मान बाहेर काढणेच सोडले होते. वहिनीने त्यांच्या पाठीवर अंगठा दाबला, तर कवच ओल्या पुठ्ठ्यासारखे दबले.

"काय खायला घालता याला?"

"दूध-पाव," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं?"

"ज्ञानकोशात आहे."

"कोणाच्या?"

"आमच्या."

वहिनीने चष्मा काढून पुसला. "भावोजी, कासवाला दूध पचत नाही. पावात त्याच्या कामाचं काही नसतं. वर ऊन नाही. ह्या महिन्यात हे चौथं कासव आलंय माझ्याकडे. आधीची तिन्ही गेली."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. टब तिच्या मांडीवर होता.

"अहो, मग काढून टाका ना ते वाक्य," वहिनी म्हणाली.

मी तिला समजावले की, माझ्या घरात कासव असल्यामुळे या विषयात माझा हितसंबंध आहे आणि नियमानुसार मला त्या लेखाला हात लावता येत नाही. ती मात्र काढू शकते. कोणीही काढू शकते.

"कोणीही?"

"कोणीही."

तिने दोन लसीकरणांच्या मध्ये खाते उघडले आणि 'पाळीव कासवाला दुधात भिजवलेला पाव द्यावा' हे वाक्य खोडले. पुढची चार मिनिटे ते कोशात नव्हते. कासवांच्या दृष्टीने तो आमच्या कोशाचा सुवर्णकाळ होय.

मग मार्गदर्शन सुरू झाले. आमच्या एका सदस्याने 'शांतताप्रिय' असे नाव घेतले आहे. (त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळे पान काढावे लागले.) त्यांनी वाक्य परत आणले, वहिनीला फूल दिले आणि विनाकारण मजकूर काढल्याबद्दल पहिला इशारा दिला.

वहिनीने कारण लिहिले : 'कासवं मरतात.'

'मरतात' हा शब्द भावनिक असून कोशाची भाषा तटस्थ असावी, असे तिला कळवण्यात आले. तिने 'कासवे जगत नाहीत' असे लिहिले. असे कोणाचे म्हणणे आहे, अशी विचारणा झाली. मी पशुवैद्य आहे, माझे म्हणणे आहे, असे तिने सांगितले. त्यावर स्वतःचा अनुभव हा संदर्भ नव्हे, तसेच पशुवैद्य असल्याचे कोणीही सांगू शकते, हे दोन मुद्दे दोन मार्गदर्शकांनी एकाच वेळी मांडले. मुद्दा आधी कोणी मांडला यावर त्यांचा जो वाद झाला, तो स्वतंत्र पानावर हलवला आहे. दरम्यान 'अल्पविराम' या टोपणनावाच्या सदस्याने वहिनीच्या खुलाशातली विरामचिन्हे सुधारली. या प्रकरणात झालेली ती एकमेव सुधारणा.

वहिनीने मग तिच्या अभ्यासक्रमातल्या जाडजूड पुस्तकाचा पृष्ठ क्रमांक दिला. आम्ही तो तपासला. कासवाने काय खावे ते पुस्तकात होते. दूध-पाव खाऊ नये, असे कुठेही नव्हते.

'कासवाला रॉकेल पाजू नये असंही त्यात नाही,' तिने लिहिले. हा मजकूर 'उपहास' या सदरात नोंदवून तिला दुसरा इशारा देण्यात आला.

मूळ वाक्याला मात्र भक्कम संदर्भ आहे. तो एका रविवार पुरवणीतला लेख असून ते वाक्य त्यात शब्दशः आले आहे. लेख आमच्या कोशात वाक्य आल्यानंतर दोन वर्षांनी छापला गेला आणि त्याच्या शेवटी लेखकाने आमच्या कोशाचे आभार मानले आहेत. इतका तंतोतंत जुळणारा संदर्भ अख्ख्या कोशात दुसरा नाही.

अखेर शांतताप्रिय यांनी मर्मावर बोट ठेवले. आजारी कासवांच्या उपचारांतून आपल्याला उत्पन्न मिळते काय, असे त्यांनी विचारले. मिळते, असे वहिनीने सांगितले. म्हणजे हे वाक्य गेले तर तिचे उत्पन्न घटणार. स्वतःचे नुकसान करून घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात काय असेल, हे सांगता येत नाही. त्यामुळे सावध राहावे, असे ठरले.

यावर सर्वसहमतीसाठी चर्चा झाली. वाक्य काढावे, असे एक मत पडले. (वहिनीचे. नवागत असल्याने धरले नाही.) वाक्य ठेवावे, अशी बाकीची. तरीही नवागताचा मान राखला जावा म्हणून समितीने मधला मार्ग काढला आणि लेखात भर घातली : 'दूध कोमट असावे.'

वहिनीचा फोन आला.

"भावोजी, तुम्ही अकरा जण. एकानं तरी जन्मात कासव बघितलंय का?"

"मी बघितलंय. पण मी समन्वयक. मला मत देता येत नाही."

"बरं. ठेवते. टेबलावर मांजर आहे, आणि ते संदर्भ मागत नाही."

त्यानंतर ती कोशाकडे फिरकली नाही. तिचेही मार्गदर्शन पूर्ण झाले.

सहमती झाल्यावर तिचा मान राखणे माझे कर्तव्य होते. मी दूध कोमट केले. वाटी घेऊन टबाजवळ पोचलो, तर मुलीने टब उचलून पाठीमागे नेला आणि बायको मध्ये उभी राहिली.

"अहो, ते दूध तुम्ही प्या. साहेबांना हात लावायचा नाही."

मी दूध प्यालो. कोमट होते.

बायकोने आमचा कोश आजवर उघडलेला नाही. वहिनीने फोनवर सांगितले तसे ती साहेबांना हिरवा पाला आणि लहान मासे घालू लागली. मुलगी शाळेत जाण्याआधी टब खिडकीतल्या उन्हात ठेवी. हळूहळू कवच टणक होत गेले. एका दुपारी साहेबांनी मान बाहेर काढली आणि माझ्या बोटाचा चावा घेतला.

"आता तरी लिहा तिथं," बायको म्हणाली. "जगला तो."

एक कासव जगले हे फक्त उदाहरण होते, त्याला पुरावा म्हणता येत नाही, असे मी तिला सांगितले.

"मग किती मेली की लिहिता येतं?"

याबाबत नियम नाही. तो करावा, असा ठराव मी समितीपुढे ठेवला आहे आणि त्यावर उपसमिती नेमली गेली आहे.

आता तुमच्याविषयी. इथवर तुम्ही वहिनीच्या बाजूने होता आणि आम्हाला हसत होता. खरे तर कासवाला दूध चालत नाही हे तुम्ही माझ्यासारख्या अनोळखी माणसाच्या शब्दावर मान्य केलेत; संदर्भ मागितला नाहीत. असो. खात्री करायला तुम्ही ते पान उघडाल. वाक्य तिथेच आहे. ते वाचून हसाल, फोनवर त्याचा फोटो काढाल, 'बघा काय मूर्खपणा' असे लिहून दहा जणांना पाठवाल. मग 'संपादन' या कळीच्या शेजारून बोट नेऊन पान बंद कराल. त्या पानावर रोज शेकडो लोक येतात आणि एवढेच करून जातात. आकडे आमच्याकडे असतात. ते वाक्य अकरा जणांना सांभाळता येईल का, अशी चिंता शांतताप्रिय यांनी परवा व्यक्त केली. मी त्यांना तुमचा हवाला दिला. त्यांची चिंता मिटली.