मालक फ्लोरिडाला असतात

पैशाला कामाला लावावे आणि आपण आराम करावा, हा अर्थशास्त्राचा पाया आहे. (पैसा बहुधा बँकेचा असतो. आराम कोणाचा, ते पुढे येईल.)

अमेरिकेतल्या आमच्या वूस्टर शहरात या कार्यासाठी तीन मजली लाकडी घरे बांधून ठेवली आहेत. एका मजल्यावर मालकाने स्वतः राहायचे, या अटीवर बँक थोडकी रक्कम आधी भरून घेऊन बाकीचे कर्ज देते. ग्लेन सोबचाकने गेल्या सप्टेंबरात असेच एक घर घेतले. तळाला मिसेस पेल्टियर, मधे तो, वर मी.

त्याआधी त्याने या विषयावरची सर्व व्याख्याने ऐकली होती. त्यांतला मोलाचा सल्ला असा की, आपण मालक आहोत हे भाडेकरूला कळू देऊ नये. व्यवस्थापक म्हणवावे, म्हणजे नाही म्हणण्याचे पाप दुसऱ्याच्या माथी जाते. ग्लेन पडला भिडस्त. मालक फ्लोरिडाला असतात आणि फार कडक आहेत, असे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

व्यवस्था नामी चालली. नळ गळतो? मालकांना विचारतो. जिन्यात दिवा नाही? विचारतो. मालकांनी शंभर टक्के मागण्या फेटाळल्या आणि दर वेळी ग्लेनला आमच्याइतकेच वाईट वाटले. आम्ही मालकाला शिव्या घालायचो, त्यात तोही दोन घालायचा. (त्याच्या जास्त मनापासून असत.)

जानेवारीच्या बर्फात घर गरम ठेवणारा तळघरातला बॉयलर बंद पडला. तिन्ही मजल्यांना मिळून तो एकच. नवा घ्यायचा तर ग्लेनची उरलीसुरली शिल्लक जाणार, आणि पुढे हप्ता चुकला तर घरही. मालकांनी थांबायला सांगितले. ग्लेन कोट घालून झोपू लागला. मला त्याची खरोखर दया आली.

शेवटी मिसेस पेल्टियरनी आम्हा दोघांना वाटाण्याच्या सूपला बोलावले. बाईंनी या घराचे सहा मालक पाहिलेले. ग्लेनला वाढता वाढता त्या म्हणाल्या, "बाळा, भाडं घेताना मात्र तुला मालकांना कधी विचारावं लागलं नाही."

ग्लेनने चमचा खाली ठेवला. "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण मालकाला तोंडावर शिव्या द्यायची अशी सोय मला पुन्हा कुठे मिळणार होती?"

दुसऱ्या दिवशी नवा बॉयलर आला. आता ग्लेन रविवारीही कामाला जातो. पैसा तळघरात आराम करतो आहे.

तुम्हाला हसू येणे साहजिक आहे. निवांत हसा. मधेच वर्गणीवाले दारात आले, तर नेहमीप्रमाणे सांगा, घरात मोठं कोणी नाही.