शेवाळावरचं व्याख्यान कोण थांबवणार?

व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच मोरीन अ‍ॅलर्डाइसने घोळ घालून ठेवला. तिने श्रोत्यांना दम दिला.

"हे बघा, आज कुणीही मधेच उठायचं नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी मातीच्या भांड्यांवर बोलायला ओसाकाहून बाई आल्या होत्या, आणि निम्मे लोक मागच्या दाराने पबमध्ये! बिचाऱ्या रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार करून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज घड्याळ बघायचं नाही, जांभई द्यायची नाही आणि चुळबुळ तर अजिबात नाही. कळलं?"

सगळ्यांना कळलं. आमच्या लंडनच्या ॲक्टनमधली माणसं सरकारला भीक घालत नाहीत, पण मोरीनला टरकून असतात. निम्म्यांच्या मुलांना तिने गणित शिकवलं आहे, उरलेल्या निम्म्यांना स्वतःलाच.

निवृत्त झाल्यापासून मोरीन ब्रिटन-जपान स्नेहमंडळाची चिटणीस होती. महिन्यातून एका शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये एक व्याख्यान आणि मग चहा, एवढाच मंडळाचा पसारा. पण हॉल फुकट देणाऱ्या न्यासाला आता त्या व्याख्यानांचा कंटाळा आला होता. न्यासाचे मिस्टर फेन्विक आज साडेतीन वाजता चहाला येणार होते. हॉलमध्ये माणसं दिसली तर ठीक, नाहीतर व्याख्यानं बंद. नवरा गेल्यावर मोरीनला या शनिवारांनीच सावरलं होतं. ते गेले तर आपण काय करायचं, हा विचार सकाळपासून तिचा पिच्छा सोडत नव्हता.

त्यात अध्यक्ष थ्रिप यांची कंबर गुलाबाची छाटणी करताना धरली आणि ते घरीच अडकले. व्याख्यान संपलं की उभं राहून आभार मानायचे, एवढं एकच काम त्या माणसाला होतं, पण ते त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे.

आजचे वक्ते होते क्योतोचे सादाओ कुवाबारा. उभी हयात त्यांनी देवळांच्या बागांमधलं शेवाळ जपण्यात घालवली होती. सोबत पत्नी फुमिए होत्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि पडद्यावरच्या दुसऱ्या चित्रालाच त्यांनी डोळे मिटले. जपानी माणूस डोळे मिटून मन लावून ऐकतो हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांच्या बारीक घोरण्याकडेही आदरानेच बघितलं गेलं.

कुवाबारा एकेक वाक्य बोलत आणि दुभाषी चिझुरू निशिओ त्याचं इंग्रजी करत असे. शेवाळ सावलीत वाढतं. हे शेवाळ आहे. हेही शेवाळच आहे, पण वेगळं. बरोब्बर तासाभराने शेवटचं चित्र आलं. कुवाबारांनी वाकून नमस्कार केला, टाळ्या झाल्या आणि ते उभेच राहिले.

आता यजमान उठून आभार मानतील, मग आपण बसायचं, असं त्यांच्याकडची रीत सांगत होती. आता पाहुणे आपणहून बसतील, मग आपण उठायचं, असं मोरीनला वाटत होतं. एवढ्या मोठ्या माणसाला खाली बसवायचं कसं? श्रोते काठीसारखे ताठ बसून होते, कारण दम मिळाला होता. लंडनमध्ये राहणाऱ्या पुतण्याने कुवाबारांना बजावलं होतं, "काका, इंग्रज तोंडाने कधी सांगायचा नाही. पण उठला नाही, तर समजा त्याला अजून हवंय."

कुवाबारांनी घसा खाकरला आणि खताची माहिती सुरू केली.

थोड्या वेळाने मोरीन चिझुरूच्या कानाशी लागली. "अगं, दमलेत का विचार ना त्यांना."

चिझुरूने विचारलं. "सेन्सेई म्हणतात, मुळीच नाही. पण मंडळी दमली असतील, तर सांगा म्हणावं."

"छे, छे! भलतंच काय! आम्हाला तर फार मजा येतेय!" मोरीन म्हणाली, आणि आपल्या हाताने दोर कापून मोकळी झाली.

"मोरीन-सान," चिझुरू कुजबुजली, "माझ्या घशाला कोरड पडलीय हो."

"चहा देते. पण थांबू नकोस, नाहीतर त्यांना वाईट वाटेल."

खत संपलं. गोगलगायी संपल्या. तेवढ्यात बाहेर पॉलिनचा नाचाचा वर्ग येऊन थडकला. चारला हॉल त्यांचा. सत्तरीच्या बायका-पुरुष चमचमते बूट घालून रिमझिमत्या पावसात शिस्तीत रांग लावून उभे राहिले. व्याख्यान मोडायचं कसं, म्हणून कुणी दार वाजवेना. शेवटी पॉलिनचे गुडघे गारठले तेव्हा ते सगळे चवड्यांवर आत आले आणि मागच्या खुर्च्यांवर बसले.

कुवाबारांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. शेवाळासाठी लोक पावसातून येताहेत! आता थांबणं म्हणजे पाप. पण सांगायचं काय? शेवाळाबद्दल माणूस जेवढं जाणू शकतो, तेवढं सगळं सांगून झालं होतं. उरली होती फक्त घरची गोष्ट. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. फुमिए गाढ झोपल्या होत्या.

"खरं सांगतो," ते हळूच म्हणाले, "माझ्या स्वतःच्या अंगणात शेवाळ नाही."

सगळा हॉल पुढे सरसावून बसला.

"होतं. आजोबांच्या वेळचं, हिरवंगार. लग्न झालं त्या वर्षी मी कामावरून घरी आलो, तर अंगणातला दगड न् दगड पांढराशुभ्र! बायको हातात घासणी घेऊन उभी. तोंडभर हसून म्हणाली, 'किती मळलं होतं हो! दिवसभर घासलं.' मला भोवळ आली."

"मग काय म्हणालात तुम्ही?" पॉलिन मागून ओरडली. तिला कुठे दम मिळाला होता!

"म्हणालो, छान केलंस."

मागून हशा फुटला आणि पुढच्या रांगांपर्यंत येऊन पोचला. काठ्या वाकल्या, माणसं झाली.

"मग ती दर वसंतात घासायला लागली. मी देशभर शेवाळ वाढवत फिरतो, ही घरी घासते. चाळीस वर्षं!"

"अहो, मग सांगितलं का नाहीत तिला?" एक आजोबा कळवळून म्हणाले.

"सांगणारच होतो. तेवढा विषय निघाला नाही."

"माझंही तसंच आहे," आजोबा न राहवून बोलले. "हिच्या हातच्या किडनी घातलेल्या 'पाय'चं. छान म्हणतो आणि गिळतो."

"काय? रोनाल्ड!" शेजारची बाई ताडकन वळली.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चिझुरूला भाषांतर करता येईना. आणि या गदारोळात पहिल्या रांगेत फुमिए उठून उभ्या राहिल्या. त्या केव्हाच्या जाग्या झाल्या होत्या कोण जाणे.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, आणि चिझुरू घाईघाईने इंग्रजी करू लागली, "चाळीस वर्षं मी कुणासाठी घासतेय? तुम्ही छान म्हणालात म्हणून! मला काय हौस आहे? माझ्या कमरेचा काटा ढिला झाला! दर वर्षी म्हणते, या वर्षी नको घासायला. पण यांना आवडतं ना, म्हणून बसते आपली!"

कुवाबारांनी बायकोला अगदी खाली वाकून नमस्कार केला. त्याही वाकल्या. माना वर झाल्या तेव्हा दोघंही हसत होते.

"आणि आता बसा," फुमिए म्हणाल्या. "पाय लटपटताहेत तुमचे. या सगळ्यांना भूक लागलीय, दिसत नाही का?"

कुवाबारा धपकन बसले. सगळ्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मोरीनला लाजल्यासारखं झालं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, तो थांबेचना. नाचवाल्यांनी खुर्च्या बाजूला केल्या, काकडीची सँडविचेस फिरली, आणि पॉलिनने कुवाबारांना सांभाळत दोन पावलं नाचवलंसुद्धा. रोनाल्ड कोपऱ्यात बायकोला समजावत होता. तीही अधूनमधून हसत होती.

चहाच्या पिंपाशेजारी, बसायला जागा न मिळाल्यामुळे, मिस्टर फेन्विक उभे होते. मोरीन लगबगीने त्यांच्याकडे गेली.

"तुम्ही कधी आलात?"

"चार वाजून गेल्यावर. नाचवाल्यांच्या मागोमाग. मिसेस अ‍ॅलर्डाइस, तुमच्यापासून काय लपवायचं, मी तुम्हाला नाही म्हणायलाच आलो होतो. कसं म्हणायचं ते गाडीत पाठ करत होतो."

"मग?" मोरीनने विचारलं.

"पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना विचारलं, सुरुवातीचा तयारी केलेला तास कसा होता? जांभई दाबत म्हणाले, फार माहितीपूर्ण. मी काय समजायचं ते समजलो." फेन्विकांनी डोळे पुसले. ते अजून हसत होते. "हॉल तुमचा. पुढचं अख्खं वर्ष. फक्त एक अट आहे."

"सांगा ना, कुठलीही!"

"पुढच्या वक्त्याला तयारी करून येऊ देऊ नका."