औंसाऔंसाने

सोडतीत नाव निघाले लोर्नाचे आणि झोप उडाली वेन्डेलची.

डेल्टाच्या डोंगरांतला रानटी पांढरा मेंढा मारायचा तर परवाना सोडतीने मिळतो. वेन्डेल क्रॅमर लग्नाआधीपासून दर वर्षी अर्ज भरत होता आणि दर वर्षी हात हलवत परत येत होता. यंदा त्याने बायकोच्या नावानेही एक अर्ज टाकून दिला. चिठ्ठ्या दोन तर आशा दुप्पट, एवढाच त्याचा हिशोब. फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा लोर्ना शाळेची बस गॅरेजात लावून नुकतीच घरी आली होती आणि दारात बसून बूट काढत होती.

"लोर्ना, आपल्याला मेंढा लागला!"

"आपल्याला?"

"म्हणजे नाव तुझं आहे. पण घरातच आला ना!"

"मग मीच मारणार," लोर्ना म्हणाली. "बाबांच्या रायफलीनं."

लोर्नाने वडिलांबरोबर रानोमाळ हिंडून मूस, म्हणजे घोड्याएवढी हरणे, मारली होती. मेंढ्याचा परवाना मात्र त्या बिचाऱ्यांना मरेपर्यंत लागला नाही. म्हणून तिला हा एक मेंढा हवा होता, आणि तो स्वतःच्या हाताने, शांतपणे मारायचा होता. यातले 'शांतपणे' हे सगळ्यात अवघड आहे, हे तिला लग्नाच्या अनुभवावरून ठाऊक होते.

"ती नऊ पौंडांची धोंड घेऊन चढणार?" वेन्डेल ओरडलाच. "अगं, मेंढ्याच्या शिकारीला माणसं टूथब्रशची दांडी कापून नेतात!"

"का?"

"पाव औंस वाचतो."

"मग ब्रश धरायचा कसा?"

"बोटं घालायची तोंडात. त्यात काय!"

त्या रात्रीपासून घरात रायफल निवडणे सुरू झाले. सुरू झाले ते थांबेना, कारण वेन्डेलचा विचार घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत असे. डोंगरात रायफल हलकी हवी. पण हलकी रायफल खांद्याला लाथ मारते, म्हणून गोळी लहान हवी. पण लहान गोळी वाऱ्याने भरकटते, आणि वाटेत अस्वल भेटले तर त्याला गुदगुल्या होतात, म्हणून गोळी मोठी हवी. मोठी गोळी आली की लाथ आली, लाथ आली की रायफल जड हवी, आणि जड रायफल घेऊन डोंगर कोण चढणार? इथे वेन्डेल काट्याने मूसचे सॉसेज टोचायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. लोर्ना आधी उत्तरे देत असे. मार्चमध्ये ती नुसते "हं" म्हणू लागली, आणि एप्रिलमध्ये तर त्याचीही गरज नाही असे तिच्या लक्षात आले.

बंदुकीचे दुकान चालवणारा म्हातारा हिल्मर लोर्नाच्या वडिलांचा दोस्त. वेन्डेलची गाडी दिसली की तो मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जाऊ लागला. शेवटी मे महिन्यात त्याने एक साडेपाच पौंडांची रायफल काढून थेट लोर्नाच्या हातात दिली.

"पोरी, घे ही एकदाची," तो म्हणाला. "चांगली आहे. वाईट असती तरी घे म्हटलं असतं."

ती होती सेव्हन-ओ-एट मापाची. लोर्नाच्या वडिलांची थ्री-नॉट-एट आणि ही, दोघींची काडतुसे सख्ख्या बहिणी. पितळी अंग तेच, उंची तीच, फक्त तोंडाशी या सेव्हन-ओ-एटची गोळी केसभर बारीक. लोर्नाने निशाण्यावर झाडून पाहिली. तिन्ही गोळ्या एका बशीत मावतील अशा लागल्या.

"कशी वाटते?" वेन्डेलने विचारले.

"ठीक आहे," लोर्ना म्हणाली. रायफल तिला मनापासून आवडली होती. पण तसे म्हटले असते तर का आवडली यावर तासभर बोलणे आले असते, आणि ओव्हनमध्ये पाव होता.

रायफल ठरली तरी वेन्डेलचा तराजू थांबला नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर लोर्नाला पीठ मोजायला मिळेना, कारण तिथे कधी मोजा असे, कधी चमचा. भली थोरली दुर्बीण तिपाईसकट घरी राहिली आणि तिच्या जागी एक चिमुकली आली. वाचायचा चष्मा राहिला, कारण डोंगरात वाचायचे काय? मग त्याची नजर खोक्यांकडे आणि वेष्टनांकडे गेली. दूध पावडरीचा डबा, कॉफीचा पुडा, काडतुसांचे पुठ्ठ्याचे खोके, सगळे फेकून त्याने आतला माल प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत भरला.

"त्यावर नावं तरी लिही," लोर्ना म्हणाली.

"शाईलाही वजन असतं," वेन्डेल म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

ऑगस्टमध्ये दोघे निघाले. त्या भागात गाडी, घोडा काही चालत नाही. रस्त्यापासून ओढ्याच्या कडेने दोन दिवसांची पायपीट. दुसऱ्या दिवशी सकाळी वेन्डेलने कॉफी केली, दूध पावडर घातली आणि कप तिच्या हातात दिला. लोर्नाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वेन्डेल, हे दूध नाहीये."

"मग?"

"पायाला लावायची पावडर आहे. पुदिन्याच्या वासाची."

वेन्डेलने स्वतःचा अर्धा रिकामा कप हुंगला. "तरीच," तो म्हणाला, "पायाला काल दुधाचा वास येत होता."

त्याच संध्याकाळी मेंढा दिसला. समोरच्या उतारावर एकटा, बर्फासारखा पांढरा. वेन्डेल चिमुकल्या दुर्बिणीला डोळा लावून पालथा पडला. कायदा असा, की मेंढ्याच्या शिंगाचे वेटोळे पूर्ण हवे, नाहीतर शिंगावर वयाची आठ वलये तरी हवीत.

"पूर्ण वेटोळं! शंभर टक्के!" तो कुजबुजला.

"वलयं मोजलीस?"

"वलयं कशाला? वेटोळं बघ ना! आधी सरक पुढं."

लोर्ना पोटावर सरपटत पुढे गेली. वारा समोरून होता. मेंढा आडवा उभा राहिला. तिला वडिलांची आठवण झाली, आणि काडतूस आत सारायला तिने रायफलीचा बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट अडला. तिने मागे घेऊन पुन्हा ढकलला. पुन्हा अडला.

"मार की!" मागून कुजबुज आली.

"बंद होत नाहीये."

"जोर लाव."

"ही रायफल आहे, वेन्डेल. फ्रीजचं दार नाही."

तिने काडतूस बाहेर काढून मागे दिले. बुडाशी बारीक अक्षरे कोरलेली असतात. वेन्डेलने ते हातभर लांब धरले, मग मान मागे नेली. हात आणखी लांब असता तर वाचता आले असते. लोर्नाने ते परत घेतले.

"थ्री-नॉट-एट," ती म्हणाली. "ही बाबांच्या रायफलीची आहेत?"

"असं दिसतंय खरं."

"आणि बाबांची रायफल?"

"कपाटात."

"आणि हिची काडतुसं?"

"तिच्या शेजारी," तो म्हणाला. "दोन्ही जातींचं वजन करून बघत होतो गं. पिशव्या सारख्याच दिसत होत्या."

लोर्ना पाठीवर वळली आणि आभाळाकडे पाहत राहिली. तिला रडावेसे वाटत होते. मेंढा तिकडे आरामात चरत होता.

"जा आणि घेऊन ये," ती शेवटी म्हणाली. "मी याच्यावर नजर ठेवते."

"दोन दिवस जायला, दोन दिवस यायला..."

"मग बोलण्यात वेळ घालवू नकोस."

वेन्डेल गेला. तो दगडांआड दिसेनासा झाला आणि लोर्नाच्या ध्यानात आले, की आवाज नाहीये. कुठलाच. ओढा वाहत होता, वारा होता, पण त्यांना कुठल्या गोळीबद्दल काही म्हणायचे नव्हते. तंबूत ती इतकी झोपली, की उठल्यावर आपण कुठे आहोत हे तिला क्षणभर कळेना. दिवसभर तिने ब्लूबेरी खाल्ल्या आणि कोणालाही उत्तर दिले नाही. फेब्रुवारीपासूनचा शीण अंगातून निथळून जात होता. मेंढा हातचा गेला तरी चालेल, असेही एकदा तिच्या मनात येऊन गेले, आणि तिची तिलाच लाज वाटली.

माणूस गप्प बसला की जनावर जवळ येते. दुसऱ्या दिवशी तो मेंढा चरत चरत तंबूपासून दगडफेकीच्या अंतरावर आला. लोर्नाने श्वास रोखून त्याच्या शिंगावरची वलये मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच. वेटोळेही पूर्ण नव्हते, बोटभर कमी. म्हणजे काडतूस बसले असते तर परवाना गेला असता, रायफल जप्त झाली असती आणि न्यायाधीशापुढे मान खाली घालून उभे राहावे लागले असते. आधी तिच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. मग तिला हसू फुटले, आणि एवढ्या मोठ्याने, की मेंढा उडी मारून डोंगराची धार ओलांडून पळाला. ती त्याच्या मागे धारेपर्यंत चढली. पलीकडच्या हिरवळीत चार मेंढे बसले होते. त्यांतला एक म्हातारा, दोन्ही शिंगे गरगर फिरून पुन्हा डोळ्याच्या वर आलेली. तिथे वलये मोजायचीही गरज नव्हती.

वेन्डेल परत आला तेव्हा तो आधी दिसला नाही, ऐकू आला. धापा टाकत तो वर पोचला आणि त्याने ओझे उतरवले. नवी चूक नको म्हणून त्याने घरातले सगळेच उचलून आणले होते: सासऱ्यांची नऊ पौंडांची रायफल, काडतुसांच्या झाडून सगळ्या पिशव्या, थोरली दुर्बीण तिपाईसकट, आणि चष्मा.

"आहे ना?" त्याने विचारले. "तो मेंढा?"

"आहे. पण पोरगा आहे. सात वर्षांचा."

वेन्डेल मटकन खाली बसला. "म्हणजे मी मेंढाही चुकीचा..."

"मेंढा चुकीचा, काडतूसही चुकीचं. दोन चुका एकमेकींना भेटल्या म्हणून वाचलो." मग तिला त्याची दया आली. त्याचे ओठ फुटले होते आणि तो लंगडत होता. "पलीकडे म्हातारा आहे एक. सकाळी जाऊ. रायफल कुठली घेऊ रे?"

वेन्डेलने दोन्ही रायफलींकडे पाहिले. "तुला आवडेल ती घे," तो म्हणाला. घराच्या इतिहासात हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले.

सकाळी लोर्नाने हलकी रायफल घेतली. काडतूस तिने स्वतः वाचून भरले. एकाच गोळीत म्हातारा मेंढा बसल्या जागी कलंडला. शिंगांवरून हात फिरवताना तिला वडिलांची फार आठवण आली आणि ती भरपूर रडली. डोळे पुसून ती म्हणाली, "रायफल फार छान निवडलीस."

"हं," वेन्डेल म्हणाला.

मांस डोंगरात टाकून यायची सोय नाही, कायदा आहे. मेंढा, त्याची शिंगे, दोन रायफली, दोन दुर्बिणी आणि तंबू दोन पाठींवर वाटून दोघे उतरू लागले. वेन्डेल पुढे होता. तो औंसाबद्दल बोलला नाही, पौंडाबद्दल बोलला नाही. लोर्नाला आधी बरे वाटले. मग दिवस कलला, मुक्काम झाला, पुन्हा उजाडले, तरी तो गप्पच. एवढा अपराधी माणूस तिने कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षे सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही, त्याने तिच्या मेंढ्यासाठी डोंगर तीनदा पालथा घातला, हे तिच्या मनातून जाईना. शेवटी ओढा ओलांडताना तिच्याने राहवले नाही.

"वेन्डेल, पुढच्या वर्षी तुझं नाव निघालं, तर तू कुठली घेशील?"

वेन्डेलची पावले मंदावली. त्याने वळून पाहिले, ती चेष्टा करत नाही याची खात्री करून घेतली, आणि पाठीवरचे ओझे एक झटका देऊन सारखे केले.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "हलकी रायफल म्हणजे काय, हे आधी ठरवायला पाहिजे."

लोर्नाने मान हलवली आणि चालत राहिली. गाडीपाशी पोचायला अजून संध्याकाळ होणार होती, आणि विचारले तर तिनेच होते.