टेकाळे काकांनी पास केलेला साबण

टेकाळे काकांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, बॉलपेनने काढलेले चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाला नंबर. एकमध्ये तेल, दोनमध्ये कुठल्याशा साबणाचं पाणी, तीनमध्ये कोरफडीचा गर. आमच्या चिखलीच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, काका गोंदून घ्यायला बसले आणि गोंदणारा मध्येच पळून गेला.

“क्रीमवाले सशाच्या कातडीवर लावून बघतेत,” काका सांगतात. “सशानं काय घोडं मारलंय त्यांचं? लावायचंय माणसाला, तर माणसावर बघा. मी बसलोय की.”

काका मूळचे लातूरकडचे. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं क्वालिटीला आहेत. बाहेरून आलेला माल तपासायचा, टेस्ट सर्टिफिकेट बघायचं आणि मग त्यावर लेबल लावायचं: पास असेल तर हिरवं, शंका असेल तर पिवळं, नापास असेल तर लाल. हीच पद्धत त्यांनी घरी आणली. त्यांच्या बाथरूममधल्या फळीवर साबण, तेल, पावडर सगळं लेबल लावून उभं असतं. बायको, सुमनकाकू, आठ वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक लेक अश्विनी लग्न होऊन मारुंजीला असते. त्यामुळे त्यांना अडवणारं घरात कोणी नाही, आणि समोरच्या दारात मी आहे. मी शाळेत शिकवते. वाद घालायची मला सवय आहे, पण काकांपुढे मी फारशी कधी जिंकलेली नाही.

पहिली हार चेहऱ्याच्या स्क्रबवरून झाली. ट्यूबवर जर्दाळूचं चित्र होतं, म्हणून मी कौतुकाने दाखवायला गेले. काकांनी ग्लासभर पाण्यात चमचाभर स्क्रब ढवळला आणि जुन्या गाळणीला फडकं लावून गाळला. फडक्यावर बारीक निळे दाणे उरले. नखाने चिरडून बघितले, चिरडेनात.

“प्लास्टिक वाटायलंय हे,” काका म्हणाले. “तुमच्या तोंडावरनं मोरीत, मोरीतनं इंद्रायणीत. नदीचं आधीच काय कमी हाल हायेत का, मॅडम?”

“पण यावर नॅचरल लिहिलंय.”

“धोतरा बी नॅचरलच हाय. लावता का?”

“माल कुठनं आला?” हा त्यांचा परवलीचा प्रश्न. लिपस्टिक चमकते, तर तो चमकणारा अभ्रक खाणीतून कोणी काढला, लहान पोरांनी तर नाही ना? साबणात पामतेल आहे, तर त्यासाठी जंगल तोडलं का? कंपन्यांच्या कस्टमर केअरवाल्या मुलींना ते हे शांतपणे विचारतात. “सर, आमचं प्रॉडक्ट सेफ आहे,” असं तिकडून आलं की म्हणतात, “सेफ हाय ते कळलं, ताई. कुनावर लावून कळलं, तेवढं सांगा.” एका मुलीने म्हणे कंटाळून कबूल केलं की तिला ठाऊक नाही. काकांनी तिचं मनापासून अभिनंदन केलं.

मला ते नुसते विक्षिप्त वाटायचे, ते बचत गटाच्या साबणापर्यंत. आमच्याच भागातल्या काही बायका पत्र्याच्या शेडमध्ये साबण बनवतात. साबण सुरेख, कागदात गुंडाळलेला, सगळे घटक मराठीत लिहिलेले. काकांच्या हातावर आठ दिवसांत पुरळ नाही, खाज नाही. मी म्हटलं, आता तरी हिरवं लेबल लावा. तर काका शेड बघायला गेले आणि पिवळं लेबल लावून आले.

“साबण एक नंबर हाय,” ते म्हणाले. “पण तो करताना कॉस्टिक सोडा घालतेत, आन् त्या बाया तो उघड्या हातानं कालवायल्यात. एकीची बोटं भाजलेली. मी कसं पास करू?”

दुसऱ्या दिवशी ते हातमोजे आणि चष्मे घेऊन गेले. बायका हसल्या. काका रोज कामावरून येताना तिथे डोकावू लागले. सगळ्या जणी हातमोजे घालून कामाला बसलेल्या दिसल्या, त्या दिवशी हिरवं लेबल लागलं. तेव्हापासून मी तोच साबण वापरते.

तर अशा माणसापुढे यंदा मोठा प्रश्न उभा राहिला. अश्विनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाई नाही. तिच्या सासूबाई, हिराबाई, चाकणजवळच्या गावातल्या. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, “आमी करतो सगळं. तुमी बारशाला या.” काका “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. मग तीन दिवस त्यांनी हातावर एकही चौकोन काढला नाही.

चौथ्या दिवशी ते पेटले. लेक इथेच येणार, असं त्यांनी ठरवलं. रजेचा अर्ज दिला. बाळासाठी बाजारात मिळणाऱ्या झाडून साऱ्या वस्तूंची यादी केली आणि ती घेऊन बाळांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, जितकं कमी लावाल तितकं चांगलं, आणि वास असलेलं काही नको. काका खूश होऊन परतले. तेविसातल्या वीस वस्तू कटल्या. उरलं साधं तेल, एक सौम्य साबण आणि सुती दुपटी. या तीन वस्तूंची त्यांनी फाइल केली. बाळाच्या आंघोळीचा तक्ता केला, पाणी किती गरम ते लिहिलं, आणि हिराबाईंना घर बघायला बोलावलं.

चहापाण्याला काकांनी मलाही बोलावलं होतं. हिराबाई आल्या त्या मोठा गुलाबी डबा घेऊन. आत पावडर, लोशन, शाम्पू, सगळं रिबिनीत बांधलेलं. डबा टेबलावर ठेवून त्या माझ्याबरोबर आतली खोली बघायला गेल्या. खोली त्यांना आवडली. “पाव्हण्यांनी नीट ठेवलंय हो सगळं,” असं त्या म्हणाल्यासुद्धा. आम्ही बाहेर आलो, तर गुलाबी डब्यावर लाल लेबल. त्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात, “रिजेक्ट. कारण: सुगंध कशाचा ते लिहिलेले नाही.” खाली सही.

“आमी काय भंगार आणलं व्हय?” हिराबाई म्हणाल्या. “लेकरासाठी आणलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावत्यात? सूनबाई आमच्याकडंच ऱ्हाईल.”

डबा घेऊन त्या निघून गेल्या. मी काकांना इतकं बोलले की माझं मलाच नंतर वाईट वाटलं. ते खुर्चीत बसून होते. “हात आपोआप गेला, मॅडम,” एवढंच म्हणाले. तीस वर्षं समोर आलेल्या खोक्याला लेबल लावणारा हात, तो तरी काय करणार?

रविवारी मी त्यांना घेऊन हिराबाईंच्या गावी गेले. चहा आला. काकांनी फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि मिटून बाजूला ठेवली.

“विहीनबाई, चूक झाली,” ते म्हणाले. “माफ करा. पन एक सांगू का? अश्विनी झाली तवा मी डबल शिफ्ट करायचो. तिला एकदाबी मी न्हाऊ घातलं न्हाई. सुमन म्हनायची, वरनं पानी तरी घाला. मी म्हनायचो, माल अडकलाय. लेकरू कधी मोठं झालं, कळलंच न्हाई. आता सुमन बी न्हाई. लेकीचं कराया माझ्याबिगर हाय कोन?”

मला वाटलं होतं, हा माणूस पृथ्वीची काळजी करतो. तो इतकी वर्षं एका न घातलेल्या आंघोळीची टोचणी घेऊन फिरत होता, हे मला तेव्हा कळलं.

हिराबाईंनी पदर सारखा केला. “आंघूळ घालता येती का तुमाला?”

“न्हाई.”

“मग तुमाला पास कोन करनार? मी येते सव्वा महिना. माझ्यासमूर घालायची. चुकलात तर लाल चिठ्ठी मी लावीन.”

अश्विनीला मुलगी झाली. नाळ पडल्यावर डॉक्टरांनी आंघोळीला होकार दिला, त्या सकाळी मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. काका पाटावर पाय लांब करून बसले होते. पायांवर बाळ, शेजारी हिराबाई. “मान धरा. धार हळू. आवं, पाठीवरनं,” असं चाललं होतं. काकांच्या कपाळावर घाम होता. बाळ रडलं, मग रडायचं थांबलं. हिराबाईंनी त्याला दुपट्यात घेतलं आणि म्हणाल्या, “जमलं.”

अश्विनी दाराला टेकून बघत होती. केस विस्कटलेले, डोळे ओढलेले. काका तेलाची वाटी उचलून उठायला लागले, तशी ती म्हणाली, “बाबा, माझ्या डोक्याला पण लावा ना थोडं.”

काका तसेच थांबले. “मला ते न्हाई जमायचं.”

“आईसारखं नको. तुम्हाला येईल तसं लावा.”

ती त्यांच्यासमोर पाठ करून बसली. हिराबाई बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. काकांनी ओंजळीत तेल घेतलं आणि कितीतरी वेळ ते नुसतंच धरून ठेवलं. मग लेकीच्या टाळूवर हात ठेवला. लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून मी दाराशी आले. चपला घालताना मागे काकांचा आवाज ऐकू आला.

“जोरात लागतंय का गं?”

“नाही बाबा,” अश्विनी म्हणाली. “अजून लावा.”