न सुटणारी गाठ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. उंच डोंगर, मधे सुरीने कापल्यासारखी खोल दरी, दरीच्या काठावर एक निळा तंबू, आणि तंबूशेजारी कमरेवर हात ठेवून उभे असलेले एक रुबाबदार गृहस्थ. रुबाबदारच हं! ढेरी कल्पनेत आणायची नाही.

ते गृहस्थ म्हणजे मी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि स्काउटच्या मुलांना गाठी. माझी गाठ म्हणजे गाठ! वादळ येऊ दे, हत्ती येऊ दे, सुटायची नाही!

गाडीत तंबू टाकून भटकायचं, असा बेत माझा आणि आजीचा, आम्हा दोघा म्हाताऱ्यांचा होता. ऐनवेळी नातीची भर पडली. तिला मी भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली अजून कुणी पाहिलेली नाही.

आजीची इच्छा एकच. सूर्य बुडताना समोरचे कडे लालभडक होतात, ते तिला बघायचं होतं. पहिल्या संध्याकाळी मी दरीकडे पाठ करून दोघींना खडकांचे थर समजावले. माझं समजावून संपलं तेव्हा थरही दिसेनात आणि सूर्यही. दुसऱ्या संध्याकाळी मी डोंगरातल्या गावात दुकानामागून दुकान पालथं घालत चांगली दोरी शोधत होतो. आता ही शेवटची संध्याकाळ!

"अहो, आधी सूर्यास्त बघू, मग तंबू," आजी म्हणाली.

"आधी तंबू. वारा बघ किती सुटलाय!"

"वारा पळून जाणार नाही. सूर्य जाणार आहे!"

"दोन मिनिटं गं!"

"तुमची दोन मिनिटं मी लग्नापासून ओळखते," असं म्हणून ती फणकाऱ्याने निघून गेली.

जमीन सगळी कातळाची. खुंटी आत जाईना. मग मी दोऱ्या बाहेर बांधायचं ठरवलं. एक दोरी धोंड्याला, एक झाडाच्या बुंध्याला, एक आमच्या गाडीला. तिन्ही गाठी मी स्वतः मारल्या. चौथी दोरी पोचेल असं जवळ काही सापडेना. शेजारी एक मोठी व्हॅन उभी होती. तिच्या मागे लोखंडी शिडी होती आणि आरशावर टॉवेल वाळत होता.

"टॉवेल वाळतोय म्हणजे मुक्काम आहे," मी भिंगरीला समजावलं. "याला म्हणतात निरीक्षण! बांध त्या शिडीला. घाई नाही. सावकाश बघ, मग कर."

तिने बांधली. मी दुरूनच म्हणालो, "छान!" आणि चपला काढून आडवा होण्यासाठी तंबूकडे वळलो.

इतक्यात व्हॅन सुरू झाली!

"अहो थांबा! तंबू! तंबू!" मी ओरडलो. धोंड्याची दोरी सुटली, बुंध्याची सुटली, आमच्या गाडीची तर आधीच लोंबत होती. तंबू वाऱ्याने फुगला आणि माजलेल्या बैलासारखा उड्या मारत रस्त्याला लागला. त्याच्या मागे मी अनवाणी, आणि माझ्या पुढे भिंगरी, टाळ्या पिटत!

"आजोबा, आपला तंबू जिंकतोय!"

व्हॅनच्या खिडकीतून एक ओळखीचं डोकं बाहेर आलं. ती आजी होती! व्हॅन एका दातांच्या डॉक्टरांची. ते सूर्यास्त बघायला निघाले होते आणि आजीने त्यांच्याकडे लिफ्ट मागितली होती.

डॉक्टरांनी वेग कमी केला. "काकू, मागे कुणीतरी ओरडतंय."

"चला हो तुम्ही! आमचेच आहेत ते. संध्याकाळ झाली की ओरडतात!"

नशीब, सूर्यास्त बघायचा कठडा वळणापलीकडेच होता. व्हॅन थांबली. मी धापा टाकत पोचलो तो तंबू उलटून थेट माझ्या अंगावर! आत मी हातपाय झाडत असताना बाहेरून आजीचा आवाज आला, "अगं बाई, किती लाल! अहो, बघताय ना?"

मला निळंच दिसत होतं.

बाहेर आलो तेव्हा सूर्य गेला होता. आजीचे डोळे मात्र ओले आणि चेहरा असा उजळलेला, की मी रागवायचं विसरलो.

डॉक्टरांना उजेड आहे तोवर परतायचं होतं, पण शिडीवरची गाठ सुटेना. त्यांनी ओढून पाहिली, वाकून पाहिली. "अक्कलदाढ परवडली!" ते घाम पुसत म्हणाले. "कुणी बांधली ही?"

मी छाती पुढे काढून एक पाऊल पुढे झालो. मग आठवलं, माझ्या तिन्ही गाठी केव्हाच सुटल्या होत्या.

"मी," भिंगरी म्हणाली. तिने दोरीचं एक टोक चिमटीत धरलं, हलकेच ओढलं. गाठ सुळ्ळकन सुटली!

"ही कुणी शिकवली तुला?" मी विचारलं.

"आमच्या वर्गातल्या मुलीने. तुमची सुटते ना, म्हणून."

आजी इतकी हसली, की तिला कठडा धरावा लागला. भिंगरी हसली नाही. तिने मला दगडावर बसवलं, दोरी माझ्या हातात दिली, आणि माझ्यासारखेच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घाई नाही, आजोबा. सावकाश बघा, मग करा."